कढीपत्त्याच्या कुंडीपासून नांदूरपर्यंत

गॅलरीतल्या कढीपत्त्याची पानं कुणीतरी कुरतडत होतं. कुंडी फिरवून पाहिली तर एका पानावर चिमणीची शीट पडल्यासारखं दिसलं. पुसायला बोट नेलं आणि ती शीट हलली. डोक्यामागून शिंगासारखं दुहेरी काहीतरी बाहेर आलं, उग्र वास सुटला. कॉमन मॉरमॉन फुलपाखराची ती अळी होती. नाशिकमधल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर, मोबाइलने काढलेला तिचा फोटो हा माझा पहिला वन्यजीव फोटो.

ज्यांना हा छंद सुरू करायचा आहे त्यांना मी अजूनही कढीपत्ता किंवा लिंबाची कुंडी आणायला सांगते. मादी अंडी घालायला स्वतःहून येते. अळी लहान असताना पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, शेवटची कात टाकली की पानासारखी हिरवी होते. मग कोष. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत सगळं साधारण महिन्याभरात, हाताच्या अंतरावर घडतं. रजा काढायला नको, गाडी नको.

तरी फुलपाखरू कोषातून बाहेर येतानाचा फोटो मिळायला मला तीन कोष लागले. पहिल्या वेळी मी स्वयंपाकघरात डबे भरत होते, तेवढ्यात ते बाहेर येऊन पंख वाळवत बसलं होतं. दुसऱ्या कोषातून फुलपाखराऐवजी गांधीलमाशीसारखे बारीक कीटक निघाले. परजीवी कीटक अळीच्या किंवा कोषाच्या आत अंडी घालतात हे मी तेव्हा शिकले. पण पहिल्या कोषाची एक नोंद माझ्या वहीत होती: आदल्या संध्याकाळी तो काळपट झाला होता आणि आतल्या पंखांची नक्षी बाहेरून दिसायला लागली होती. तिसरा कोष तसा काळवंडलेला दिसला तेव्हा मी पहाटेच तिपाईवर कॅमेरा लावून बसले. फोटो मिळाला तो त्या नोंदीमुळे. तेव्हापासून तारीख, वेळ, ऊन की ढग आणि प्राणी काय करत होता, एवढं मी रोज लिहिते. नवीन माणसाने कॅमेऱ्याआधी वही घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

वहीनंतर दुर्बीण, ८ बाय ४२ची, म्हणजे आठपट जवळ दाखवणारी आणि ४२ मिलिमीटरच्या भिंगाची. ती गळ्यात असली की आपण पक्षी बघायला शिकतो. सुरुवातीलाच मोठी लेन्स हातात आली की बघणं मागे पडतं आणि नुसतं टिपणं उरतं. कॅमेऱ्याचं म्हणाल तर ५५-२५० किंवा ७०-३०० मिलिमीटरची वापरलेली झूम लेन्स पहिली दोन वर्षं भरपूर पुरते. लांब झूमचे एकसंध, म्हणजे लेन्स बदलता न येणारे कॅमेरेही उजेड चांगला असेल तर पक्ष्यांसाठी उत्तम चालतात.

दुसरी गोष्ट, एक जागा धरा. मी पांडवलेण्याच्या पायथ्याची एकच पायवाट धरली आणि वर्षभर दर रविवारी तिथेच गेले. चौथ्या-पाचव्या खेपेला वाट बोलायला लागली. वेडा राघू किडा पकडायला झेप घेतो आणि बहुतेक वेळा त्याच फांदीवर परत येऊन बसतो. म्हणजे तो उडाला की त्याच्यामागे कॅमेरा फिरवायचा नाही, रिकाम्या फांदीवर फोकस धरून थांबायचं. कोतवालाचंही तसंच. पावसाळा ओसरला की धोबी येतात, मग एखाद्या रविवारी कळतं की ते गेले. फाल्गुनात बांधावरचा पळस फुलला की शिंजीर, बुलबुल, मैना सगळे एकाच झाडावर असतात. सूर्य पाठीशी ठेवून तिथे तासभर बसलं तर जे मिळतं ते दहा ठिकाणी फिरून मिळत नाही.

सेटिंगबद्दल सगळे आधी विचारतात, म्हणून थोडक्यात सांगते. बसलेल्या पक्ष्याला शटरचा वेग १/५०० सेकंद ठीक, उडत्याला १/२०००च्या आसपास. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता, ऑटोवर सोडा आणि वाढला तर घाबरू नका. दाणेदार फोटो दुरुस्त होतो, हललेला होत नाही. बगळ्यासारख्या पांढऱ्या पक्ष्याला एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, थोडं उणे करा, नाहीतर पिसांचा तपशील जळून पांढरा डाग उरतो. फोकस नेहमी डोळ्यावर. आणि शक्यतो डोळ्याच्या पातळीला या. चिखलावरचा शेकाट्या उभ्याने काढला तर फोटोत सगळा चिखलच येतो. पोटावर झोपून काढला तर मागचं पाणी धूसर होतं आणि पक्षी उठून दिसतो. अळी, कोळी यांच्या जवळच्या फोटोत फोकसचा पट्टा काही मिलिमीटरचाच असतो, म्हणून कॅमेरा त्यांच्या शरीराला समांतर धरायचा. सावलीच्या बाजूला एक पांढरा कागद धरला की उजेडाचं निम्मं काम होतं.

आता नांदूर. निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर हे गोदावरी आणि कादवा नद्यांच्या संगमावरचं अभयारण्य. २०२०मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा तिथला खरा हंगाम. चक्रवाक, तलवार बदक, थापट्या हे पाहुणे येतात. जांभळी पाणकोंबडी, चित्रबलाक, चमचा असतातच. शेकड्यांनी असतात ते वारकरी. काळं अंग आणि कपाळावर पांढरा टिळा, नाव ऐकलं की पक्षी डोळ्यांपुढे उभा राहतो.

पहिल्या खेपेला मी तिथे दहा वाजता पोचले. सहाशेवर फोटो काढले, घरी येऊन पाहिले तर दूरच्या पक्ष्यांचे सगळे फोटो मऊ, जणू पाण्याखालून काढलेले. लेन्सच बिघडली असं समजून मी ती दुरुस्तीला द्यायला निघाले होते. दोष लेन्सचा नव्हता. ऊन चढलं की तापलेली हवा थरथरते आणि लांबच्या वस्तूची कड विरघळते. कितीही महाग लेन्स त्यावर उपाय नाही. म्हणून उजाडताना पोचायचं, नऊ-साडेनऊपर्यंत काम संपवायचं आणि नंतर फक्त जवळचे पक्षी घ्यायचे. थंडीत गाडीची काच खाली करून लगेच फोटो काढलात तरी हेच होतं. आतली आणि बाहेरची हवा सारखी होईपर्यंत थांबा.

तिथेच वाऱ्याचं महत्त्व कळलं. पाणपक्षी उडताना आणि उतरताना वाऱ्याकडे तोंड करतात. वारा आपल्या पाठीवर असेल तर ते आपल्याकडे तोंड करून उठतात, समोरून असेल तर आपल्याला शेपट्या मिळतात. हिवाळ्यातल्या सकाळी पूर्वेचा वारा सुटला की ऊनही पाठीशी आणि वाराही. अशा दिवशी वारकरी पाण्यावर पाय आपटत धावत सुटतो आणि त्याचे ते उडते शिंतोडे थेट अंगावर आल्यासारखे येतात. मला असा दिवस पाच हिवाळ्यांत तीनदा मिळाला.

एक गोष्ट सांगताना अजून जड जातं. सुरुवातीच्या वर्षात सोसायटीच्या जास्वंदीत बुलबुलाचं घरटं होतं. पिल्लं नीट दिसेनात म्हणून मी समोरची फांदी दोरीने मागे बांधली, फोटो काढले आणि फांदी सोडलीही. पण पानं पूर्वीसारखी बसली नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी कावळा तिथून उडाला आणि घरटं रिकामं होतं. ते फोटो मी कुणालाही दाखवलेले नाहीत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात अंडी किंवा घरट्यांना त्रास देणंही येतं. हे मला तेव्हा माहीत असायला हवं होतं. आता घरटं दिसलं की मी वाट बदलते. पिंगळ्याची ढोली कुठे आहे हे कुणी विचारलं तर सांगत नाही, फोटोतलं ठिकाणही काढून टाकते. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणाऱ्यांबरोबर मी फिरायला जात नाही. विणीच्या दिवसांत तो पक्षी पिल्लांना भरवायचं सोडून नसलेल्या शत्रूशी भांडायला येतो.

फोटोंचा उपयोग मात्र करा. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाका, ओळख पटत नसेल तर आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर विचारा. फेब्रुवारीत चार दिवस परसातल्या पक्ष्यांची जगभर गणना होते, भारत तिच्यात २०१३पासून आहे. पंधरा मिनिटं गॅलरीत उभं राहून केलेली मोजदादही तिथे चालते. माझ्या पहिल्या यादीत सात जाती होत्या, गेल्या वर्षी त्याच गॅलरीतून एकोणीस झाल्या. पक्षी वाढले नाहीत, मला दिसायला लागले.

पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते. बॅगेत ठेवू नका, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा आणि जेलचा रंग बदलला की ते गरम करून कोरडं करा. याच दिवसांत बाहेर कमी जाणं होतं आणि कढीपत्त्याला नवी पालवी येते. सध्या कुंडीत चार अळ्या आहेत, दोन हिरव्या, दोन अजून शिटेसारख्या. फोडणीचा कढीपत्ता आम्ही मंडईतून आणतोय.