हात विसळले की धुतले?

सकाळी कचरागाडीचं गाणं ऐकू आलं की इंदुरात प्रत्येक घरातून कोणीतरी ओल्या-सुक्याचे डबे घेऊन धावतं. परत आल्यावर तेच हात नळाखाली दोन सेकंद धरले जातात आणि पोह्यांवर शेव आणि जीरावन मसाला भुरभुरायला लागतात. याला विसळणं म्हणतात. धूळ जाते, पण त्वचेवरच्या तेलकट थरात बसलेले जंतू बरेचसे तिथेच राहतात, कारण नुसतं पाणी त्या थरावरून ओघळून जातं. साबणाच्या कणाचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला, म्हणून तो थर जंतूंसकट सुटतो. फ्लूसारख्या विषाणूंचं वरचं चरबीचं आवरणही साबणाने फुटतं. जुलाब-उलट्या करणाऱ्या नोरोव्हायरसला मात्र तसं आवरण नसतं. तो चोळून आणि वाहत्या पाण्यानेच निघतो, म्हणून चोळण्यात कंजुषी नको.

आधी अंगठ्या आणि घड्याळ काढा. मनगटावरचा पूजेचा लाल धागा वर सरकवा. तो तासन्‌तास ओला राहतो, कणीक-भाजी सगळं शोषतो, कळकट झाला असेल तर काढलेलाच बरा. हात ओले करून नळ बंद करा आणि साबण लावा. तळवे एकमेकांवर, मग प्रत्येक हाताची मागची बाजू, मग बोटांत बोटं गुंफून बेचक्या. बोटं दुमडून त्यांची पाठ दुसऱ्या तळव्यावर घासा. अंगठा दुसऱ्या मुठीत धरून पिळल्यासारखा फिरवा. शेवटी बोटांची टोकं तळव्यावर गोल घासा, म्हणजे नखांत फेस शिरतो. नुसतं चोळणंच वीस सेकंद चालायला हवं: बेचा पाढा सावकाश दोनदा म्हणा. धुऊन-पुसून सगळं मिळून 40 ते 60 सेकंद लागतात. गरम पाण्याची गरज नाही.

काय सुटतं ते बघायचं असेल तर अर्धा चमचा तेलात चिमूटभर हळद कालवून हातांना चोळा आणि रोजच्यासारखे हात धुवा. साबण लागताच हळद लालसर होईल, ते साबणाच्या क्षारामुळे, घाबरू नका. पिवळेपणा थोडा राहतोच, पण तेलकटपणा कुठे उरला ते चाचपा. बहुधा अंगठ्याच्या मुळाशी आणि नखांच्या कडांना सापडेल.

बऱ्याच वस्त्यांत नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, म्हणजे उरलेला वेळ पिंप आणि पाणी काढायचा मग. खरी गडबड इथे होते. मळका हात मगाच्या दांड्याला लागतो, तो दांडा पाण्यात बुडतो, आणि धुतलेला हात पुन्हा तोच दांडा धरतो. तोटी असलेली दहा-पंधरा लीटरची टाकी स्टुलावर ठेवा, खाली बादली. चोळताना तोटी बंद ठेवली तर अर्ध्या ते एक लीटरात दोन्ही हात नीट निघतात. मळक्या हाताने उघडलेल्या तोटीवर जाता जाता साबणाचा हात आणि ओंजळभर पाणी मारा. पिण्याच्या माठात पेला बुडवू नका, ओगराळं वापरा. नाहीतर बोटं पाण्यात जातातच.

साबणाची साधी वडी पुरते. जंतुनाशक म्हणून महाग विकल्या जाणाऱ्या साबणांतलं ट्रायक्लोसान 2016 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने घरगुती हात धुण्याच्या साबणांतून हद्दपार केलं, कारण साध्या साबणापेक्षा त्याचा जास्त फायदा कंपन्यांना दाखवता आला नाही. वडी जाळीच्या साबणदाणीत ठेवा, पाण्यात लगदा होऊ देऊ नका. हँडवॉश संपत आला की बाटलीत पाणी घालून पुरवण्याची काटकसर मात्र चुकीची: पातळ द्रवात जंतू वाढू शकतात. बाटली भरण्यापूर्वी रिकामी करून, धुऊन वाळवा.

आणि मग तो नॅपकिन! ओट्यापाशी आठवडाभर टांगलेला, ताटंही त्यानेच पुसायची. ओल्या हाताला जंतू लवकर चिकटतात आणि त्यावरून लवकर पसरतातही, म्हणून कोरडं करणं हा धुण्याचाच भाग. हाताचा नॅपकिन वेगळा, रोज बदललेला. घरात कोणाचे डोळे आले असतील तर त्याचा टॉवेल अलग.

सराफा किंवा छप्पन दुकानसारख्या इंदूरच्या खाऊगल्ल्यांत उभ्याने खाताना सॅनिटायझर चालतो, पण निदान 60 टक्के अल्कोहोल असलेला. दोन थेंब पुरत नाहीत. साधारण 3 मिली, म्हणजे तळव्याची खळगी भरेल इतका घ्या आणि आपोआप वाळेपर्यंत 20-30 सेकंद चोळा. जिलबीचा पाक, कचोरीचं तेल हाताला असेल तर तो फारसा उपयोगी नाही. घरात जुलाबाची साथ असेल तर साबणच. दिव्याजवळ, गॅसजवळ सॅनिटायझर वाळण्याआधी जाऊ नका.

घरी रुग्ण असेल तर ड्रेसिंग, औषध किंवा घास देण्यापूर्वी आणि नंतरही हात धुवा. पलंग, चादर हाताळल्यावरसुद्धा. ग्लोव्हज काढल्यावर धुणं चुकत नाही, त्यांना बारीक छिद्रं असू शकतात. 1847 मध्ये व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरांनी शवविच्छेदनावरून थेट बाळंतिणींकडे येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरिनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये 18 टक्क्यांच्या आसपास असलेलं मातांचं मृत्यूचं प्रमाण काही महिन्यांत 2 टक्क्यांपर्यंत उतरलं.

मुलांची नखं आठवड्याला कापा. कृमींमुळे शौचाच्या जागी खाज सुटली की खाजवताना त्यांची अंडी नखांत अडकतात आणि तिथून पुन्हा तोंडात जातात. थंडीत हात भेगाळले की साबण टाळावासा वाटतो, शिवाय भेगांत जंतू टिकतात. रात्री हात कोरडे करून खोबरेल चोळा.