फायबरग्लास बॉडीच्या गाडीचा रंग बिघडल्यास

पत्र्याच्या गाडीवर रंग फुगला की खाली गंज असणार हे ठरलेले असते. पण १९५३ सालापासूनची शेवरले कॉर्व्हेट असो किंवा आपल्याकडची सिपानी डॉल्फिन, फायबरग्लासच्या बॉडीला गंज चढत नसल्याने दोष रंगात आहे, जेलकोटमध्ये (बाहेरच्या गुळगुळीत थरात) आहे की त्याखालच्या रेझिन-मॅटच्या (घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये भिजवलेल्या काचतंतूंच्या) थरात, हे आधी शोधावे लागते. त्यासाठी एक फोड ब्लेडने उघडून पाहावा. खालचा जेलकोट शाबूत असेल, तर रंगाची पकड सुटलेली आहे. आत ओल किंवा सैल तंतू दिसले, तर तो भाग खरवडून पूर्ण वाळवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

जुना रंग काढण्यासाठी नेहमीचा पेंट रिमूव्हर किंवा हीट गन वापरू नये, कारण दोन्हींमुळे रेझिनच खराब होते. आधी वॅक्स-ग्रीस रिमूव्हरने पृष्ठभाग पुसावा, नाहीतर वॅक्स व सिलिकॉन घासताना ओरखड्यांत भरून नव्या रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात. मग चांगला मास्क लावून ८० ते १२० नंबरच्या पेपरने कोरडेच घासावे आणि जेलकोट दिसू लागताच थांबावे. उघड्या फायबरवर पाणी टाकून घासणे टाळावे.

खरी कसोटी तड्यांची असते. बिजागरी आणि बोल्टभोवती ताऱ्यासारखे पसरलेले तडे नुसत्या पुट्टीने बुजवले, तर ते पुन्हा वर येतात. तडा टोकापर्यंत इंग्रजी व्ही आकारात कोरावा आणि पॅनेलची मागची बाजूही तपासावी. मॅट तुटलेली असेल, तर ३ मिलिमीटर जाडीच्या पॅनेलवर तड्याच्या दोन्ही बाजूंना साडेतीन सेंटिमीटरपर्यंत उतरता उतार घासून, अ‍ॅसिटोनने पुसून, पॉलिएस्टर रेझिनमध्ये भिजवलेली मॅट थरांनी बसवावी. आपल्याकडे रेझिनबरोबर कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारे द्रव) आणि हार्डनर (रेझिन घट्ट करणारे द्रव) वेगवेगळे मिळतात: कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळावे आणि वजनाच्या १ ते २ टक्के हार्डनर नंतर घालावे. हे दोन्ही एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत. स्फोट होऊ शकतो. हार्डनर जास्त झाल्यास थर तापून आकसतो.

दुरुस्तीनंतर लगेच रंग मारण्याचा मोह आवरावा, कारण रेझिन आकसत राहिले, तर चकचकीत रंगातून मॅटची नक्षी उमटते. माझ्या मते आठवडाभर थांबणे रास्त आहे. त्यानंतर पातळ पुट्टी, टू-के (दोन घटक मिसळून वापरायचा) इपॉक्सी प्रायमर, सरफेसर (बारीक ओरखडे बुजवणारा थर), ३२० आणि मग ६०० नंबरचा पेपर, रंग आणि लॅकर (वरचा पारदर्शक थर) हा क्रम नेहमीचाच. कोकणातल्या पावसाळ्यात मात्र हे काम काढूच नये.

पॅनेल परत बसवताना बोल्टच्या भोकांत रबरी किंवा रुंद वॉशर घालावेत आणि बोल्ट पत्र्याइतके करकचून आवळू नयेत, कारण बहुतेक तडे तिथूनच सुरू होतात.