पायांच्या नसांची प्रश्नावली अहिराणीत आणताना

मधुमेहामुळे पायांच्या नसांना झालेली इजा ओळखण्यासाठी अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात तयार झालेली आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेली एक प्रश्नावली आहे. तिच्यात १५ प्रश्न असून, आपल्याला एरवी जसे वाटते त्यावरून रुग्णाने ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगायचे असते; नसांच्या इजेकडे बोट दाखवणाऱ्या उत्तराला एक गुण मिळतो. धुळे-जळगावकडच्या अहिराणी बोलणाऱ्या रुग्णांसाठी ती वापरायची असेल, तर प्रमाण मराठीतला अनुवाद वाचून दाखवणे पुरत नाही.

मूळ हक्कधारकांची परवानगी आणि नैतिकता समितीची मान्यता आधी घ्यावी. मग दोघांनी एकमेकांशी न बोलता स्वतंत्र अनुवाद करावा. त्यांपैकी एक वैद्यकीय क्षेत्रातला असावा आणि दुसरा मुळीच नसावा, कारण डॉक्टरच्या कानाला सोपा वाटणारा शब्द बांधावरच्या माणसाला सोपा असेलच असे नाही. दोन्ही मसुदे जुळवून झाल्यावर, मूळ प्रश्न न पाहिलेल्या माणसाकडून त्या जुळवलेल्या मसुद्याचा पुन्हा इंग्रजी अनुवाद करून घ्यावा, म्हणजे अर्थ बदलला असेल तर कळतो. रावेर-यावलकडची लेवा बोली आणि सातपुड्यातल्या भिली, पावरी या बोलींसाठी हे काम वेगळे करावे लागते. अहिराणीवर भागवू नये.

खरी अडचण शरीराच्या शब्दांची आहे. मूळ प्रश्नांत कुठे ‘पाय किंवा पाऊल’ आहे, तर कुठे फक्त ‘पाऊल’. आपल्याकडे मांडीपासून बोटांपर्यंत सगळा ‘पाय’च असतो, म्हणून दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांत ‘घोट्याच्या खाली’ असे स्पष्ट म्हणावे. बधिरपणा आणि टोचल्यासारखे वाटणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत, परंतु रुग्ण दोन्हींना सर्रास ‘मुंग्या’ म्हणतो. चिनी अनुवादकांपुढेही हाच पेच असतो, कारण तिथे ‘मा’ हा एकच शब्द दोन्हींसाठी चालतो. त्यामुळे ‘तुमना पायले मुंग्या येतस का?’ हे टोचण्याच्या प्रश्नासाठी राखून ठेवावे आणि बधिरपणासाठी ‘चिमटा काढला तरी कळत नाही’ असा अनुभव विचारावा. मांडी घालून बसल्यावर येणाऱ्या मुंग्या धरायच्या नाहीत, हेही आधीच सांगावे.

सातवा प्रश्न टबात किंवा शॉवरखाली जाताना गरम आणि थंड पाणी ओळखता येते का, असा आहे. टब नाही म्हणून ‘बादली’ लिहून हा प्रश्न सुटत नाही. अमळनेर तालुक्यातल्या एका आजींना मी तो तसा विचारला, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘पानी तं मी हात घालीसनच दखस.’ प्रश्न पायांच्या जाणिवेचा होता आणि उत्तर हाताचे मिळाले. म्हणून ‘हात न लावता, नुसत्या पायावर पाणी पडल्यावर’ हे शब्द त्यात यायलाच हवेत. पांघरुणाचा स्पर्श दुखतो का, या प्रश्नात गोधडीबरोबर पातळ चादरही लिहावी, कारण खानदेशच्या उन्हाळ्यात गोधडी अंगावर कोण घेतो? तळपायाच्या भेगांचा प्रश्न मात्र मला फसवा वाटतो: कापसाच्या शेतात अनवाणी वावरणाऱ्या निरोगी माणसाच्याही टाचा फुटलेल्या असतात. तरीही तो गाळू नये, नाहीतर गुणांची तुलनाच होणार नाही. किती निरोगी माणसे ‘हो’ म्हणतात, ते मोजून ठेवावे.

तयार मसुदा ३० ते ४० रुग्णांना वाचून दाखवावा आणि प्रत्येक उत्तरानंतर ‘तुम्हाला काय विचारले असे वाटले?’ हे विचारावे. साहेबांना बरे वाटावे म्हणून ‘हो, हो’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. सातव्या आणि तेराव्या (चालताना पावले जाणवतात का?) प्रश्नांत ‘नाही’ला गुण असल्यामुळे असे रुग्ण तिथे ओळखू येतात, पण विचारणाऱ्या परिचारिकेनेही तिथेच चूक करू नये म्हणून त्या दोन ओळी ठळक छापाव्यात. चौथा (पायात गोळे येतात का?) आणि दहावा (सगळ्या अंगात अशक्तपणा वाटतो का?) प्रश्न गुणांत धरत नाहीत.

शेवटी त्याच रुग्णांची १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने (स्पर्श कळतो का हे पाहायचा नायलॉनचा धागा) आणि १२८ हर्ट्झच्या ट्यूनिंग फोर्कने (कंप जाणवतो का हे पाहायचा धातूचा चिमटा) तपासणी करून उत्तरांशी ताळा घ्यावा. किती गुणांपासून नसांना इजा आहे असे मानायचे, यासाठी मूळ प्रश्नावलीत ७ गुणांची मर्यादा होती, पुढच्या एका अभ्यासात ४ अधिक योग्य ठरली. अहिराणी रूपासाठी कोणती धरायची, हे या ताळ्यावरूनच ठरवावे.