घोड्याच्या डोळ्यात जंत दिसला तर दवाखान्यात न्यायच्या आधीची तयारी

घोड्याच्या डोळ्यात पांढऱ्या दोऱ्यासारखं काही वळवळताना दिसलं की आधी मोबाईलवर व्हिडिओ काढा, टॉर्च समोरून नको, बाजूने तिरका धरा म्हणजे बुबुळापुढच्या पाण्यात फिरणारा जंत नीट दिसतो, आणि लगेच डॉक्टरांना पाठवा. उद्यावर ढकलू नका हो, डोळा दिवसेंदिवस निळसर-पांढरा पडत जातो आणि पूर्ण पांढरा झाला की डॉक्टरांनाच आतलं दिसत नाही, मग जंत काढणार कसा?

तोवर डोळ्यात काहीही घालायचं नाही. मीठ नाही, तंबाखूचं पाणी तर अजिबात नाही, घरात पडलेले ड्रॉप्सपण नाही, कारण त्यात स्टेरॉईड असलं आणि डोळ्याला जखम असली तर ती चिघळते. जंताचं इंजेक्शनही मनाने देऊ नका, जंत आतच मेला तर सूज वाढू शकते, म्हणून तर तो शक्यतो जिवंत असतानाच बारीक छेद देऊन बाहेर काढतात.

निघायच्या आधी फोन करून विचारा की खोडा, म्हणजे घोड्याला उभं अडकवून ठेवायची चौकट, आहे का आणि डोळ्याचं ऑपरेशन करणारे सर्जन त्या दिवशी आहेत का. गुंगी द्यायची असते त्यामुळे चारा किती तास आधी बंद करायचा तेही विचारा, घोडी गाभण असेल तर आधीच सांगा, आणि धनुर्वाताची लस कधी दिली होती ते लिहून न्या, घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो.

घोड्याच्या तोंडावर बांधायची मोरखी मजबूत हवी, रोज खरारा करणारा माणूस सोबत हवाच, अनोळखी हाताला दुखऱ्या डोळ्याचा घोडा मान झटकतो. पिकअपमध्ये डोळ्यावर वारा-धूळ लागणार नाही असं बांधा.

घरी सावलीची जागा आधीच करून ठेवा, डोळा घासता येईल असे खिळे, तारा काढून टाका. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी दिलेले ड्रॉप्स दिवसातून बऱ्याचदा घालावे लागतात, दोन माणसं लागतात, पाळी आत्ताच ठरवा.

आणि एक. हा सेटारिया नावाचा जंत मुळात गाई-म्हशींच्या पोटातला, तिथे तो फारसा त्रास देत नाही, पण डास त्याची पिल्लं घोड्यापर्यंत आणतात आणि ती भरकटून डोळ्यात शिरतात. त्यामुळे घोडा गुरांच्या दावणीपासून लांब बांधा, तबेल्याला मच्छरदाणीची जाळी लावा, साचलेलं पाणी काढा, आणि हे सगळं तो दवाखान्यातून परत यायच्या आत उरका.