आधी गोंदण झाका, मग फोटो टाका

नाशिकला गंगापूर रोडवर माझा त्वचारोगाचा दवाखाना. बरेच पेशंट निफाड-दिंडोरीकडचे द्राक्षबागायतदार. इन्स्टाग्राम नवीन होतं तेव्हा एका मावशींच्या हाताचा फोटो टाकला. चेहरा नाही, नाव नाही. मनगटावरचं गोंदण मात्र तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी सुनेचा फोन: "मॅडम, हा आमच्या आत्यांचा हात ना?" अख्ख्या गल्लीनं ओळखला होता.

तेव्हापासून प्रत्येक फोटो मी आधी पेशंटच्या शेजारणीच्या नजरेनं बघते. गोंदण, अंगठी, जुना व्रण, मागे पडलेला केसपेपर, सगळं कापते. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे ओळख पटत नसेल तर परवानगी लागत नाही. मी तरीही लेखी घेते, मराठीत, आणि त्यात 'इन्स्टाग्राम' हा शब्द घालते. नुसतं "फोटो वापरू का?" विचारलं, की पेशंटला वाटतं फाइलला लावणार असतील.

रील हंगाम बघून करा. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीचे डोळे, म्हणजे कोंब, फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड या रसायनाचं पेस्टिंग होतं, म्हणजे ते काड्यांना लावतात. हातमोजे नसले तर कातडी भाजते, आणि त्या दिवसांत दारू घेतली तर तोंड लालबुंद, धडधड, उलट्या. हे दिवाळीनंतर सांगून काय उपयोग? डब्याचं लेबल कॅमेऱ्याकडे नको, जाहिरात वाटते. नायट्यावरची स्टेरॉइडवाली क्रीम मात्र बारमाही विषय: खाज थांबते, नायटा पसरतो.

आता डीएम, म्हणजे इन्स्टाग्रामवर येणारे खाजगी मेसेज. "मॅडम, काय लावू?" आणि एक अंधुक फोटो. औषधाचं नाव लिहायचं नाही, भाच्याचा मित्र असला तरी. २०२० च्या टेलिमेडिसिन (फोन-मेसेजवरून उपचार) सूचनांनुसार व्हॉट्सॲपवरही सल्ला देता येतो, पण पेशंटचं नाव-वय, नोंद, चिठ्ठीवर आपला नोंदणी क्रमांक हवा. 'द्राक्षराजा' नावाच्या खात्याचं वय मी काय लिहू? दवाखान्याचा नंबर पाठवते. अपवाद एकच: नवीन गोळी सुरू केल्यावर ताप, अंगावर फोड, तोंड सोललेलं असेल, तर "गोळी बंद, आत्ताच जवळच्या हॉस्पिटलला जा" एवढं लगेच लिहिते.

डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुरळाचा रंग नीट दिसावा म्हणून आपण डॉक्टर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून, मूळ फाइल तशीच, पाठवतो. त्यासोबत फोटोत दडलेलं ठिकाण आणि वेळही जाऊ शकते. कॅमेऱ्याचं लोकेशन बंद ठेवा. फॉरवर्ड करू नका असं खाली लिहा. तरी कुणीतरी करतोच, म्हणून गोंदण तिथेही कापा.