बेळगावचे जुने शहर पायी कसे पाहावे : किल्ला, गल्ल्या आणि शहापूर

बेळगावला पाहुणा आला की आपण त्याला किल्ल्याच्या दारापर्यंत नेतो, कुंदा या दुधाच्या मिठाईचा एक डबा त्याच्या हाती देतो आणि शहर दाखवून झाले असे मानतो. या पद्धतीत जुने बेळगाव जवळजवळ पूर्णपणे निसटते. ते खऱ्या अर्थाने पाहायचे असेल तर आरंभीच एक गोष्ट मनाशी पक्की करावी : आज एकसंध दिसणारे हे शहर अनेक वस्त्यांच्या जोडणीतून तयार झाले आहे. रट्ट राजघराण्याचा आणि नंतर अदिलशाहीचा किल्ला, त्याच्या पश्चिमेची गल्ल्यांची बाजारपेठ, इंग्रजांनी वसवलेला कॅम्प म्हणजे लष्करी छावणी आणि सांगली संस्थानाच्या अमलाखालील शहापूर या चार वस्त्या चार वेगळ्या सत्तांखाली वाढल्या. चालताना आपण एकीतून दुसरीत कोठे शिरतो याकडे लक्ष ठेवले की रस्त्यांची रुंदी, घरांची ठेवण आणि दुकानांतील माल का बदलतो हे समजू लागते.

या भटकंतीसाठी एका दिवसाची घाई करण्यापेक्षा दोन सकाळी राखून ठेवाव्यात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा असतो, कारण जून ते सप्टेंबर या महिन्यांत येथे पाऊस असा लागून राहतो की गल्लीत उभे राहून माडीकडे मान वर करून पाहणे शक्य होत नाही. पहिली सकाळ किल्ला आणि बाजारपेठेला द्यावी, दुसरी कपिलेश्वर आणि शहापूरला.

मध्यवर्ती बसस्थानकापासून किल्ला पायी गाठता येतो. हा भुईकोट किल्ला असल्यामुळे दुरून त्याचा दरारा जाणवत नाही. खंदकाच्या काठावर आल्यावरच तटबंदीची खरी उंची ध्यानात येते. प्रवेशापाशी गणपती आणि दुर्गा यांची मंदिरे आहेत. आत गेल्यावर आधी कमल बसदी हे जैन मंदिर पाहावे, कारण जुन्या वेणुग्रामाचा, म्हणजे त्या काळच्या बेळगावाचा, सर्वांत स्पष्ट पुरावा तेच आहे. सौंदत्तीच्या रट्टांनी आपली राजधानी वेणुग्रामास आणली, त्या काळात चौथ्या कार्तवीर्याचा मंत्री बिचिराज याने 1204 च्या सुमारास हे नेमिनाथांचे जिनालय उभारले. मंडपात शिरल्यावर डोळे अंधाराला सरावू द्यावेत आणि मग छताकडे पाहावे. मध्यभागी लोंबणारे दगडी कमळ, त्याच्या पाकळ्यांची वर्तुळे आणि खालच्या खांबांना दिलेली झिलई यांवरून नजर हटत नाही. येथे किमान अर्धा तास थांबावे असा माझा आग्रह आहे. या जिनालयाला दिलेल्या दानांची नोंद करणारे मूळ शिलालेख आता लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात आहेत. राजाने दिलेल्या जमिनीबरोबरच वेणुग्रामच्या व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर देवालयासाठी लावून घेतलेल्या देणग्यांचा उल्लेखही त्यांत आहे, म्हणजे हे गाव आठशे वर्षांपूर्वीही पेठेचे गाव होते. शेजारची चिक्की बसदी पडझड झालेली आहे, तरी तिच्या दर्शनी भागावरील कोरीव काम जवळ जाऊन पाहण्यासारखे आहे.

त्यानंतरचा किल्ल्याचा इतिहास सत्ताबदलांचा आहे. विजयनगरच्या ताब्यातून बहामनी वजीर महमूद गवान याने 1472-73 मध्ये तो घेतला, पुढे तो विजापूरकरांकडे गेला आणि सरदार असदखान लारी याच्या काळात येथे सफा मशीद उभी राहिली. या मशिदीत जुन्या मंदिरांचे खांब वापरलेले असून त्यांपैकी काहींवर कोरीव लेख आहेत. 1818 च्या एप्रिलमध्ये जनरल मन्रोच्या फौजेने वेढा देऊन किल्ला घेतला आणि पेशवाईचा येथील अंमल संपला. किल्ल्याचा बराच भाग आजही लष्कराच्या ताब्यात आहे. त्यामुळे पहारेकऱ्याला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये, छायाचित्र काढण्यापूर्वी परवानगी घ्यावी आणि ओळखपत्र जवळ ठेवावे.

किल्ल्यातील रामकृष्ण मिशनच्या आश्रमात जाण्यास मात्र विसरू नये. 1892 च्या ऑक्टोबरमध्ये स्वामी विवेकानंद कोल्हापूरहून बेळगावास आले. शिकागोची परिषद होण्यास अजून वर्षभराचा अवधी होता आणि त्यांना ओळखणारे फार थोडे होते. गावातील रिसालदार गल्लीत भाटे वकिलांच्या घरी त्यांनी पहिले तीन दिवस काढले आणि नंतर हरिपद मित्र या वनाधिकाऱ्याच्या किल्ल्यातील निवासस्थानी नऊ दिवस मुक्काम केला. किल्ल्यातील स्मारक पाहून झाल्यावर त्याच दिवशी रिसालदार गल्लीतील भाट्यांचे घरही पाहावे. बंगालचा एक तरुण संन्यासी एका मराठी वकिलाच्या घरी उतरतो आणि तेथून एका बंगाली अधिकाऱ्याकडे जातो, यातून त्या काळच्या बेळगावात कोणकोण नांदत होते याची चांगली कल्पना येते.

किल्ल्यातून बाहेर पडल्यावर बाजारपेठेत शिरावे. गणपत गल्ली, मारुती गल्ली, रामदेव गल्ली, खडेबाजार, किर्लोस्कर रोड, रविवार पेठ हा सारा भाग तासाभरात ओलांडता येतो, परंतु तो ओलांडण्यासाठी नाही. दुकानांच्या पाट्यांच्या वर नजर ठेवून चालावे, कारण तळमजल्यावर काच आणि प्लॅस्टिक आले असले तरी वरच्या मजल्यावर अनेक ठिकाणी लाकडी कठडे, कोरीव तुळया आणि कौलारू छपरे टिकून आहेत. काकतीवेस, बोगारवेस, शनिवार खूट ही नावे नकाशावर खुणा करून ठेवावीत. त्यांना जोडणारी रेषा मनात काढली की जुने गाव केवढे होते याचा साधारण अदमास येतो. रविवार पेठेत धान्य आणि गुळाच्या दुकानांवर या भागातील सुवासिक बेळगाव बासमती मिळतो. तो पाहुण्यांनी अवश्य घ्यावा.

किर्लोस्कर रोडवर आल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण होणे स्वाभाविक आहे. 1888 मध्ये त्यांनी या गावात सायकलींचे दुकान काढले आणि पुढे लोखंडी नांगर व कडबा कापण्याची यंत्रे तयार केली. नव्या वसाहतीसाठी नगरपालिकेने जागा सोडण्यास सांगितल्यावर 1910 मध्ये त्यांनी औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर नवा कारखाना वसवला, तीच किर्लोस्करवाडी. बेळगावने काय गमावले याचा विचार या रस्त्यावर माझ्या मनात दर वेळी येतो. 1848 मध्ये स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय हे याच गावाचे दुसरे मोठे वैभव असून तेथील जुन्या मराठी ग्रंथांसाठी वेळ काढणे योग्य ठरेल.

गल्लीत फिरताना लोकांशी बोलावे. येथे एकाच कट्ट्यावर मराठी, कन्नड, कोकणी आणि उर्दू ऐकू येते आणि बहुतेकांना दोन-तीन भाषा सहज येतात. आरंभी मराठीतून नमस्कार करावा, समोरची व्यक्ती कन्नडमध्ये उत्तर देत असेल तर येत असतील तेवढे कन्नड शब्द आनंदाने वापरावेत. वयस्क व्यक्तीला काका किंवा मावशी म्हणून घर किती जुने आहे एवढे विचारले, तरी वाड्याचा चौक पाहण्यास बोलावणे येते. विचारल्याशिवाय कोणाच्या सोप्यात पाऊल टाकू नये.

दुसऱ्या सकाळी कपिलेश्वर मंदिरापासून निघावे. दक्षिण काशी म्हणून या शिवस्थानाची ख्याती आहे. श्रावणी सोमवारी येथे मोठी गर्दी असते, त्यामुळे वास्तू निवांत पाहायची असल्यास ते दिवस टाळावेत. मंदिराच्या तलावात शहरातील अनेक सार्वजनिक गणपतींचे विसर्जन होते.

तेथून रुळांच्या पलीकडे गेल्यावर शहापूर लागते. 1948 मध्ये सांगली संस्थान मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत हा भाग पटवर्धनांच्या अमलाखाली होता, तर रुळांच्या अलीकडच्या बाजूला इंग्रजांचा कायदा चालत असे. एका गावातून सरहद्द जात होती आणि लोक रोज ती ओलांडून बाजारहाट करीत होते, ही गोष्ट सीमाभागात वाढलेल्या माणसाला विशेष भिडते. शहापुरात सराफी आणि कापडाचा व्यापार जुना आहे, तर लगतच्या खासबाग आणि वडगाव भागांत विणकरांची वस्ती आहे. हातमागाचे आणि यंत्रमागाचे काम पाहायचे असल्यास सकाळी जावे, मालकाची परवानगी घ्यावी आणि ताणा कसा लावतात, काठ कसा विणतात हे विणकराकडूनच समजून घ्यावे. शहापुरी साडी विकत घ्यायची झाल्यास ती हातमागाची आहे की यंत्रमागाची हे स्पष्ट विचारावे. किमतीतील फरकाचे मुख्य कारण तेच असते. कुंदाही शहापुरातच घ्यावा, आणि तो ताजा मागावा. दूध आटवून केलेला हा पदार्थ दाणेदार आणि तपकिरी असला की समाधानाने घ्यावा. लग्नसराईत मांडे भाजताना पाहायला मिळाले तर थांबून पाहावे, कारण एवढी पातळ पोळी हातावर पसरवण्याचे कौशल्य आता मोजक्याच घरांत उरले आहे.

ज्यांना गावाचा उत्साह पाहायचा आहे त्यांनी गणेशोत्सवात किंवा वैशाखातील शिवजयंतीला यावे. चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते, मात्र त्या दिवसांत जुन्या वास्तू पाहण्याचा बेत ठेवू नये.

दुपारनंतर वेळ उरल्यास रिक्षाने टिळकवाडीला जावे. डिसेंबर 1924 मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली भरलेले काँग्रेसचे अधिवेशन याच भागात झाले, आणि गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेले ते एकमेव अधिवेशन होय. गंगाधरराव देशपांडे यांनी त्याची सारी व्यवस्था उभी केली होती. अधिवेशनासाठी खोदलेली विहीर आणि शेजारचे वीर सौध हे स्मारक पाहण्यास अर्धा तास पुरतो. कॅम्पातील 1869 चे सेंट मेरी चर्च त्याच फेरीत बाहेरून पाहता येते.