दऱ्याखोऱ्या.भारत घेण्याआधी

आमच्या ट्रेकिंग ग्रुपची वेबसाइट मी बघतो. हल्ली जो तो विचारतो, ‘दऱ्याखोऱ्या.भारत’ असं मराठी नाव मिळेल का? देवनागरीतलं .भारत २०१४पासून मिळतंय, नाव मोकळं असेल तर घ्या की! पण पैसे भरण्याआधी ते टाइप कसं झालंय हे तपासा. खरी मेख तिथे आहे.

डोमेनच्या, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याच्या यंत्रणेत रोमन अक्षरं, आकडे आणि हायफन एवढंच चालतं. म्हणून देवनागरी नावाचं आधी ‘प्युनीकोड’, म्हणजे रोमन अक्षरांतलं रूप होतं. ‘भारत’चं होतं एक्सएन--एच२बीआरजे९सी. प्रत्येक भागाचं हे रूप ६३ अक्षरांत बसावं लागतं. नाव भलंमोठं नसेल तर या मर्यादेची काळजी नको.

आता ‘ऱ्या’. पडद्यावर एकच दिसतो, पण कीबोर्डप्रमाणे वेगवेगळा उतरतो. कुठे ऱ, हलन्त, य, काना. कुठे साधा र, हलन्त, मग न दिसणारं जोडचिन्ह (झेडडब्ल्यूजे), मग य, काना. अशा बिगर-रोमन डोमेन नावांच्या २००३च्या नियमांत हे जोडचिन्ह गाळलं जायचं आणि ‘दऱ्या’चा ‘दर्या’ व्हायचा. निघालो डोंगरात, पोचलो समुद्रावर! २०१०च्या नियमांनी हलन्तानंतर ते चालवून घेतलं, पण मग ते नावच निराळं ठरतं. तेव्हा ऱवालं रूपच घ्या.

युनिकोड (संगणकातली अक्षरसंहिता) चिन्हं मोजून दाखवणाऱ्या एखाद्या साइटवर नाव चिकटवा. ‘दऱ्याखोऱ्या’ची ११ भरली पाहिजेत. १३ भरली तर एक तर जोडचिन्हं घुसलीत, नाहीतर र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) सुटे पडलेत. नुक्त्याचं फारसं बिघडत नाही, प्रमाणीकरणात (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करण्यात) त्याचा ऱ होतो. जोडचिन्ह मात्र हातानेच काढा.

नावात ‘ॲडव्हेंचर’ घालायचा मोह होईल. एकसंध ॲ आणि अ-वर दिलेला चंद्र सारखेच दिसतात, पण प्रमाणीकरणातही एक होत नाहीत. मी तर असं नाव घेऊच देत नाही. ‘माउली’ असेल तर ‘माऊली’ही घेऊन ठेवा, लोक दोन्ही लिहितात.

होस्टिंगच्या पॅनलने देवनागरी नाकारली तर तिथे आणि साइटच्या सुरक्षा सर्टिफिकेटसाठी प्युनीकोड रूप द्या. मेल मात्र रोमन डोमेनवरच ठेवा. मराठी पत्त्यावर मेल जायला पाठवणारा आणि घेणारा, दोन्हीकडचे सर्व्हर तयार लागतात, शिवाय कितीतरी ऑनलाइन फॉर्म असा पत्ता चुकीचा म्हणून परत करतात. पोस्टरवर दोन्ही नावं छापा, शेजारी क्यूआर कोड.